लहान मुलांसोबत सातारा: चार दिवसांची निवांत सहल कशी आखायची

साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला मे महिन्यात आणि दिवाळीत एक फोन हमखास येतो. "शनिवारी पहाटे निघतोय, रविवारी रात्री परत. कास, ठोसेघर, सज्जनगड, वाई, महाबळेश्वर, प्रतापगड, एवढं होईल ना?" गाडीत दोन लहान मुलं असतात, आजी-आजोबा असतात, कधी मावशी आणि तिचं तान्हं बाळही असतं. गाडी तेवढी फिरेल, यात शंका नाही. पण प्रत्येक ठिकाणी मुलांना झोपेतून उठवून खाली उतरवावं लागेल. आई दोन्ही दिवस कुणाला तरी भरवत, पुसत आणि शोधत राहील. शिवाय मे महिन्यात कास पठारावर फुलं नसतात, हेही त्या घाईत कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

हा लेख म्हणजे त्या फोनचं सविस्तर उत्तर आहे. माझं म्हणणं एकच आहे: सहलीचं वेळापत्रक घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या घड्याळावर लावा. ते किती वाजता उठतं, त्याला भूक कधी लागते, दुपारी किती झोपतं, हे आधी कागदावर लिहा आणि मग ठिकाणं निवडा. दिवसाला एक मुख्य ठिकाण पुरे. दुसरं जमलं तर जमलं.

पायरी १: वय बघून ठिकाण ठरवा

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला पॉइंटवरून दिसणाऱ्या दरीचं काहीच वाटत नाही. त्याला माती, पाणी, गाय, घोडा आणि पायऱ्या हव्या असतात. त्याच्यासाठी वाईचा नदीकाठचा घाट, मेणवली, एखादं शेत एवढं भरपूर झालं. चार ते सात वर्षांच्या मुलाला करायला काहीतरी लागतं, म्हणजे बोट, स्ट्रॉबेरी तोडणं, पाचगणीच्या टेबललँड पठारावर पळणं. आठच्या पुढच्या मुलांना गोष्ट हवी असते. प्रतापगड आणि अजिंक्यतारा हे किल्ले त्यांच्यासाठी राखून ठेवा.

घरात वेगवेगळ्या वयांची मुलं असतील तर सगळे मिळून सगळीकडे गेलंच पाहिजे असं काही नाही. दहा वर्षांच्या मुलाला घेऊन बाबा आणि काका प्रतापगडावर जातील. दोन वर्षांची धाकटी आई आणि आजीबरोबर मुक्कामावर अंगणात खेळेल. सहल कुटुंबाची असली तरी अर्धा दिवस वेगळं राहिल्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

पायरी २: महिना निवडा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा लहान मुलांसाठी सर्वांत सोपा काळ. हवा कोरडी असते, चालायला बरं वाटतं आणि डिसेंबरपासून स्ट्रॉबेरी चांगली मिळू लागते. फक्त महाबळेश्वरची रात्र गंभीरपणे घ्या. कडक थंडीच्या पहाटे वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दर काही वर्षांनी येतात. कानटोपी आणि मोजे हवेतच.

एप्रिल-मे म्हणजे शाळेची सुट्टी. बहुतेकांना तेव्हाच जमतं. सातारा आणि वाई तापलेली असतात. महाबळेश्वर साधारण १,३७० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे सकाळ-संध्याकाळ छान हवा असते, पण दुपारचं ऊन तिथेही लागतं. या दिवसांत शनिवार-रविवार टाळा. सोमवारी चढून गुरुवारी उतरणाऱ्यांना वेगळंच महाबळेश्वर भेटतं. शाळेला सुट्टी आहेच, तर मोठ्यांनी रजा आठवड्याच्या मधली काढावी.

जुलै-ऑगस्टमध्ये महाबळेश्वरला पाऊस आणि धुकं इतकं असतं की खोलीबाहेर पडता येत नाही. पाच वर्षांखालचं मूल असेल तर मी तेव्हा वर जायचा सल्ला देणार नाही. पाऊसच बघायचा असेल तर साताऱ्यात मुक्काम करा आणि एका सकाळी ठोसेघरचा धबधबा बघून या. तिथे बांधलेल्या गॅलरीतून तो समोर दिसतो, प्रवाहाजवळ उतरावं लागत नाही.

कासचा हंगाम साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत हे पठार आलं. हंगामात प्रवेशासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करून ठेवा. मुलांना घेऊन जाणार असाल तर आदल्या रात्री तीन-चार फुलांची नावं सांगून ठेवा: तेरडा, सीतेची आसवं, गेंद. आणि 'मिकी माऊस', कारण एका पिवळ्या फुलाला दोन लाल ठिपक्यांमुळे इकडे सगळे याच नावाने ओळखतात. मूल पठारावर उकिडवं बसून ते फूल शोधतं, बोटभर उंचीच्या झाडाकडे नाक नेऊन बघतं. नुसतं "बघ किती फुलं" म्हटलं तर पाच मिनिटांत "चला ना घरी" सुरू होतं. पायवाट सोडायची नाही आणि फूल तोडायचं नाही, हे मात्र गाडीतून उतरायच्या आधीच ठरवून घ्या.

पायरी ३: मुक्काम

चार दिवसांसाठी दोन मुक्काम पुरेत. त्याहून जास्त केले की रोज सकाळी बॅगा भरण्यात वेळ जातो. माझी पसंती अशी: पहिली रात्र वाईला, पुढच्या दोन रात्री पाचगणी किंवा जवळच्या भिलार गावात. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत मुलांसह राहू नये. गर्दी, हॉर्न आणि गाडी लावायला जागा शोधणं यात संध्याकाळ जाते.

बुकिंग करताना फोनवर बोला. फोटो कितीही सुंदर असले तरी पुढचे प्रश्न विचाराच. गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत येतं? खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का? गॅलरीच्या कठड्यातल्या गजांमधून मुलाचं डोकं जाईल एवढी फट तर नाही? रात्री दहाला कपभर दूध गरम करून मिळेल का? जास्तीच्या गादीचे पैसे किती? वीज गेली तर जनरेटर खोल्यांना की फक्त बाहेरच्या दिव्यांना? खोली किती वाजता मिळते आणि किती वाजता सोडायची? ड्रायव्हर बरोबर असेल तर त्याच्या झोपण्याची सोय काय? गॅलरीचा आणि दुधाचा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि लहान मुलांच्या घरात तेच दोन सर्वांत महत्त्वाचे असतात.

कृषी पर्यटनाची किंवा घरगुती सोय मिळाली तर आधी तिचा विचार करा. अंगण असतं, कोंबड्या-वासरं असतात, आणि स्वयंपाकघरात जाऊन "ताई, बाळासाठी थोडा बिनतिखट मऊ भात टाका हो" असं सांगता येतं. मोठ्या हॉटेलात हीच गोष्ट तीन माणसांमार्फत सांगावी लागते.

पायरी ४: सामान

कपड्यांच्या बॅगेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दिवसाला दोन जोड, वर दोन जास्तीचे, आणि सगळे रोज वापरातले. नवे बूट सहलीत पहिल्यांदा घालू नका.

खरी महत्त्वाची आहे ती हाताशी राहणारी पिशवी. ती डिकीत कधीच जात नाही, सीटवरच असते. तिच्यात एक पूर्ण कपड्यांचा जोड, दोन पंचे, ओले फडके, पाच-सहा प्लॅस्टिकच्या पिशव्या, पाण्याची बाटली, थर्मामीटर, बँडेज, जंतुनाशक मलम, ओआरएसच्या पुड्या आणि तापाचं औषध. तापाच्या औषधाची मात्रा वयापेक्षा वजनावर ठरते, म्हणून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून ती बाटलीवरच चिकटवा. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलिलिटरसाठी. अंदाजानं कमी-जास्त पाणी घालू नका. दुकानातली खोक्यातली गोड पेयं ही ओआरएसची जागा घेऊ शकत नाहीत.

आणखी एक गोष्ट: मुलाची रोजची चादर किंवा गोधडी. परक्या खोलीत, परक्या वासात मूल रात्री दचकून उठतं. आजीची गोधडी अंगावर असली की लवकर झोपतं. बॅगेत जागा होत नसेल तर दोन टी-शर्ट काढून ठेवा.

पायरी ५: कामं वाटून घ्या

हे सगळ्यात कमी बोललं जातं, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्याकडे कुटुंबाच्या सहलीत बायकांची सुट्टी होत नाही. घरी जी कामं असतात तीच त्या परक्या जागी, कमी साधनांत करतात. बॅग आईच भरते, औषध कुठे आहे तिलाच माहीत असतं, मूल रडलं की "आईकडे जा" म्हणतात, आणि परत आल्यावर धुण्याचा ढीगही तिच्यासमोर. मग ती दमते, चिडते, आणि मुलं तिची चीड बरोबर उचलतात. सहलीतला अर्धा ताण इथूनच येतो, असं मला अनेक घरांकडे बघून वाटतं.

उपाय म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी सगळ्यांनी जेवायच्या वेळी बसून नावांसकट कामं वाटून घ्यावीत. सकाळी मुलांना उठवणं, शी-शू, अंघोळ आणि कपडे बाबांकडे. नाश्ता भरवणं आजोबांकडे, त्यांना ते आवडतंही. औषधांची पिशवी एका दिवशी आईकडे, दुसऱ्या दिवशी बाबांकडे. पैसे आणि तिकिटं काकांकडे. मोठ्या मुलाला पाण्याच्या बाटल्यांचं खातं द्या. गाडीतून उतरताना किती बाटल्या होत्या आणि चढताना किती आहेत, हे तो मोजेल आणि फार मनापासून मोजेल.

दुपारची वेळ दोन पाळ्यांत वाटा. एक मोठं माणूस मुलांसोबत, बाकीच्यांना मोकळीक. रोज एक तास प्रत्येकाचा स्वतःचा. आईला त्या तासात झोपायचं असेल तर झोपू द्या, एकटीनं बाजारात फिरायचं असेल तर फिरू द्या. आजींनाही हेच लागू. "आजी आहेत ना, त्या बघतील मुलांना" हे आजींना न विचारता गृहीत धरू नका. गुडघे दुखत असताना दोन नातवंडांमागे धावणं ही त्यांची सुट्टी नव्हे.

पायरी ६: वाट आणि घाट

एसटीनं येणार असाल तर खर्च बराच कमी होतो. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ५ ते १२ वर्षांच्या मुलांनाही अर्धं. पाचच्या आतल्यांना तिकीट नाही आणि ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना प्रवास मोफत. वयाचा पुरावा जवळ ठेवा. रेल्वेनं आलात तर सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला काही किलोमीटरवर आहे. तिथून रिक्षाचा वेळ आणि पैसे हिशोबात धरा.

स्वतःची गाडी असेल तर पहाटे पाच-साडेपाचला निघा. मुलांना झोपेतच उचलून गाडीत ठेवायचं, कपडे आदल्या रात्रीच घालून ठेवायचे. पुण्याकडून येणाऱ्यांचा पहिला दीड तास त्यामुळे शांततेत जातो. लहान मुलाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू नका. मागे, पट्टा लावून, आणि छोटं असेल तर मुलांच्या सीटमध्ये.

"किती वेळ राहिला?" या प्रश्नाला मिनिटांत उत्तर देऊ नका. लहान मुलाला चाळीस मिनिटं म्हणजे काय ते कळत नाही. त्याला खुणा सांगा. आता नीरा नदीचा पूल येईल, मग शिरवळ, मग खंबाटकीचा घाट, मग सुरूर फाट्याला उजवीकडे वळलो की वाई. सांगलीकडून येणाऱ्यांनी पेठ नाका, कराडचा कोयनेचा पूल, उंब्रज, नागठाणे अशी माळ सांगावी. मूल स्वतःच खिडकीतून पुढची खूण शोधू लागतं.

आता गाडी लागण्याबद्दल. वाईहून पाचगणीला चढताना पसरणीचा घाट लागतो. अंतर बारा-तेरा किलोमीटरचंच, पण वळणं अशी की निम्म्या मुलांना गाडी लागते. घाटाच्या आधी मिसळ, वडे, दुधाचा ग्लास, यातलं काहीही देऊ नका. रिकाम्या पोटीही नेऊ नका. तासभर आधी दशमी किंवा कोरडी पोळी, सोबत केळं, एवढं पुरे. घाटात मोबाईल आणि पुस्तक बंद. मुलाला लांबचं काहीतरी बघायला सांगा, म्हणजे धोम धरणाचं पाणी किंवा पांडवगडाचा डोंगर. काच थोडी उघडी ठेवा. चालवणाऱ्यानं वळणावर झटके देऊ नयेत, हे त्याला नम्रपणे सांगायला हरकत नाही. चेहरा पांढरा पडला, जांभया सुरू झाल्या, तोंडाला पाणी सुटलं की उलटी येणार हे ओळखा, आणि सुरक्षित रुंद जागा बघून गाडी थांबवा. नेहमी लागत असेल तर गोळीबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका.

पायरी ७: चार दिवसांचा आराखडा

पहिला दिवस वाई. दुपारपर्यंत पोचा, जेवा, झोपा. साडेचार-पाचला ढोल्या गणपतीला जा. १७६२ मध्ये सरदार रास्त्यांनी बांधलेलं हे मंदिर कृष्णेच्या काठावर आहे. मुलांना मूर्तीची भव्यता दाखवाच, पण नंतर मंदिराच्या मागे घेऊन जा. मागची भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती होत गेलेली आहे, पुराचं पाणी आपटण्याऐवजी दोन्ही बाजूंनी वाहून जावं म्हणून. "पाणी कुठून येईल? मग कुठे जाईल?" असं विचारलं की सात-आठ वर्षांची मुलं हात लावून दिशा दाखवू लागतात. मग घाटावर बसा. संध्याकाळी आणखी कुठेही जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेणवली, वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट. घाटावर एक मोठी घंटा आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली ती पोर्तुगीज चर्चची घंटा आहे आणि तिच्यावर १७०७ हा आकडा आहे. तो आकडा मुलांना शोधायला लावा. घाटाच्या पायऱ्या रुंद आणि मोकळ्या आहेत, लहान मुलं चढ-उतर करण्यातच रमतात. पाण्याकडच्या बाजूला मात्र एक मोठं माणूस सतत उभं हवं, आणि खालच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर कुणीच जायचं नाही. अकराच्या सुमारास गाडीनं पसरणीचा घाट चढा, वरच्या मुक्कामावर जेवा आणि झोपा.

त्याच दिवशी चारनंतर भिलार. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरून आत गेलं की हे गाव लागतं. स्ट्रॉबेरीचं गाव होतंच, ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गावही झालं. गावातल्या अनेक घरांत वेगवेगळ्या विषयांची पुस्तकं मांडलेली आहेत. कुठे इतिहास, कुठे विज्ञान, कुठे बालसाहित्य. घराच्या पडवीत किंवा खोलीत बसायचं, हवं ते पुस्तक काढून वाचायचं आणि जागेवर ठेवायचं. पैसे नाहीत, घाई नाही. मुलांसोबतच्या सहलीत सगळ्यांना एकाच वेळी टेकायला मिळेल अशी दुसरी जागा मला या भागात माहीत नाही. वाचता न येणारी मुलं चित्रं बघतात, आजोबा चष्मा लावून इतिहासात शिरतात. ही माणसांची राहती घरं आहेत, एवढं भान ठेवा. चपला बाहेर, आवाज हळू, खाऊचे हात पुसलेले.

तिसरा दिवस महाबळेश्वर. लहान मुलं सुट्टीतही सहालाच उठतात. त्याचा वैताग करण्याऐवजी उपयोग करा. उठली असतील तर स्वेटर घालून थेट विल्सन पॉइंटला न्या. महाबळेश्वरमधली ही सर्वांत उंच जागा, सुमारे १,४३९ मीटर, आणि सूर्योदय इथून दिसतो. सूर्यास्ताच्या पॉइंटवर संध्याकाळी जी झुंबड असते ती सकाळी इथे नसते. तिथून नाश्ता करून जुन्या महाबळेश्वरला पंचगंगा मंदिरात. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांची उगमस्थानं इथे मानतात, आणि त्यांचं एकत्र पाणी दगडी गोमुखातून पडतं. परवा वाईच्या घाटावर बघितलेली कृष्णा इथून निघते, हे मुलाला त्या धारेखाली हात धरून सांगा. भूगोलाच्या पुस्तकातली ओळ त्याला नंतर वेगळी लागेल.

दहाच्या आसपास वेण्णा तलावावर बोट. बारानंतर रांग वाढते आणि उन्हाळ्यात तलावाजवळच्या रस्त्यावर गाड्या अडकतात. लाइफ जॅकेट प्रत्येकानं घालायचं, मुलाच्या मापाचं मागून घ्यायचं, मापाचं नसेल तर बोटीत बसायचं नाही. घोड्यावर बसायचं असेल तर भाव आणि फेरीची लांबी आधी ठरवा, आणि लहान मूल असेल तर घोडेवाल्यानं पूर्ण वेळ लगाम हातात धरून चालावं असं सांगा. एक वाजता परत फिरा. संध्याकाळी पाचगणीच्या टेबललँडवर मुलांना पळू द्या. कड्यापासून लांब, पठाराच्या मधोमध.

आठच्या पुढची मुलं असतील तर तिसऱ्या दिवशी महाबळेश्वरऐवजी प्रतापगड घ्या. महाबळेश्वरहून साधारण चोवीस किलोमीटर, वळणाचा घाट. १६५६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधलेला हा किल्ला. १० नोव्हेंबर १६५९ ची अफजलखानाची गोष्ट आदल्या रात्री अंथरुणात सांगा, गडावर सांगायला दम राहत नाही. पायऱ्या भरपूर आहेत. सकाळी आठ-नऊला चढायला सुरुवात करा आणि ऊन चढायच्या आत खाली या.

चौथ्या दिवशी सकाळी हंगाम असेल तर शेतात जाऊन स्ट्रॉबेरी तोडा. शेतकऱ्याला विचारूनच, आणि वाफ्यावर पाय न देता. दक्षिणेकडे परतणाऱ्यांनी महामार्गावरून थोडं आत लिंबची बारामोटेची विहीर बघावी. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ मध्ये बांधलेली ही अष्टकोनी विहीर आणि पाण्याच्या वर बांधलेला दगडी महाल. जिन्यानं खाली उतरताना अंगाला गारवा जाणवतो. भिंतीवरचे व्याल, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, मुलांना दाखवा, मोटेच्या जागा मोजायला लावा. इथे मात्र प्रत्येक मुलाचा हात एका मोठ्या माणसाच्या हातात, अपवाद नाही. तेवढी मोठी माणसं नसतील तर विहीर वगळा.

पायरी ८: खाणं

सातारी तिखट मुलांना झेपत नाही. दोन दिवस बाहेरचं खाऊन पोट बिघडलं की सहल तिथेच संपते. म्हणून दिवसातलं एक जेवण वरण-भात, तूप, दही असंच ठेवा. घरून मेतकुटाची बाटली, दशम्या, शेंगदाणा-गुळाचे लाडू, राजगिऱ्याच्या वड्या घ्या. मऊ भात कुठेही मिळतो, त्यावर मेतकूट-तूप घातलं की मूल पोटभर जेवतं. जेवणाची वेळ उलटून गेल्यावर हॉटेल शोधायला निघू नका. बाराला भूक लागणारं मूल असेल तर साडेअकराला टेबलावर असा.

महाबळेश्वरी खाऊबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवू नका, कितीही शुद्ध असला तरी. त्या वयात त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. दोन, चणे-फुटाणे. बाजारात दहा चवींचे मिळतात, पण चारच्या आतल्या मुलाच्या घशात अडकू शकतात, आणि चालत्या गाडीत तर मुळीच देऊ नका. तीन, स्ट्रॉबेरी धुऊन द्या आणि लहानांना चिरून द्या. बर्फ घातलेलं काहीही नको. मक्याचं भाजलेलं कणीस मात्र बिनधास्त द्या.

पायरी ९: हरवणं, पडणं, माकडं

रोज सकाळी निघताना प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढा. मूल दिसेनासं झालं तर घाबरलेल्या आईला शर्टचा रंग आठवत नाही, फोटो कामाला येतो. खिशात फोन नंबरची चिठ्ठी घाला, छोट्याच्या मनगटावर पेनानं लिहा. आणि मुलाला एकच वाक्य पाठ करून घ्या: "हरवलो तर तिथेच उभा राहीन आणि जोरात पूर्ण नाव सांगेन." मूल एका जागी थांबलं तर सापडायला वेळ लागत नाही. पोलिसांची मदत ११२ वर, रुग्णवाहिका १०८ वर आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ वर.

पॉइंटवर कठड्यावर बसवून फोटो काढू नका, कितीही धरलेलं असलं तरी. माकडांसमोर पिशवी उघडू नका, हातात खाऊ देऊन मुलाला चालवू नका, आणि माकडाच्या डोळ्यांत रोखून बघू नये हे मुलांना आधी सांगा. माकड चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आग्यामोहोळ असलेल्या कड्याजवळ अत्तर, धूर आणि आरडाओरडा नको. धोम किंवा कोयनेच्या धरणाच्या पाण्यात मुलांना उतरवू नका. काठ उथळ वाटतो आणि एकदम खोल होतो.

पायरी १०: कुरकुर सुरू झाली तर

होणारच. बहुतेक वेळा कारण भूक, झोप, ओले मोजे किंवा शी यांपैकी असतं. आधी ते तपासा, मग रागवा. रस्त्यात मूल आडवं पडलं तर बाकीच्यांनी पुढे जावं, एकानंच त्याच्यापाशी थांबावं. चार माणसांनी एकदम समजावलं की रडणं वाढतं.

बाजारातल्या हट्टावर एक उपाय चालतो. पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाला ठरलेली रक्कम हातात द्या आणि सांगा, "हे तुझे. यात काय घ्यायचं ते तू ठरव, पण परत मिळणार नाहीत." मुलं दोन दुकानं फिरतात, भाव विचारतात, आणि आश्चर्य म्हणजे बरेचदा पैसे वाचवतात. त्यांनी काहीही घेतलं तरी "असलं कशाला घेतलंस" म्हणू नका.

मोबाईलचं गाडीत बसण्याआधी ठरवा. संध्याकाळी ठरलेला अर्धा तास, तोही खोलीत. हा नियम मोठ्यांनाही लावलात तरच टिकतो.

पायरी ११: परतीचा दिवस

परतीच्या दिवशी काहीही "जाता जाता" जोडू नका. लिंबची विहीर अर्ध्या तासाची आहे म्हणून वर लिहिली, तीही मुलं ताजीतवानी असतील तरच. कंदी पेढे साताऱ्यात घ्यायचे असतील तर एकानं उतरून घ्यावेत, सगळ्यांनी नाही. पुण्याकडे जाणाऱ्यांनी रविवारी दुपारनंतरचा महामार्ग टाळून सकाळीच निघावं.

घरी संध्याकाळी पाचच्या आत पोचाल असं बघा. निघायच्या आधीच फ्रीजमध्ये इडलीचं पीठ किंवा डाळ-तांदळाच्या खिचडीची तयारी ठेवा, किंवा शेजारच्या काकूंना पोळ्या सांगून ठेवा. मळके कपडे परतीच्या सकाळीच वेगळ्या पिशवीत भरलेले असू द्यात, ती पिशवी थेट मशीनपाशी जाईल. ते मशीन कोण लावणार, हे नाव पाचव्या पायरीच्या कागदावर आधीच लिहिलेलं असू द्या. आणि जमत असेल तर रजा एक दिवस जास्तीची घ्या. मुलं दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपतील, तुम्हीही झोपा.